शिकारी रायफली: बदलती आवड आणि कारागिरी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि फावल्या वेळात रायफलींचे लाकडी दस्ते बनवतो. दस्ता म्हणजे खांद्याला लागणारा आणि हातात धरायचा लाकडी भाग. गेल्या काही वर्षांत मला मराठी माणसांची पत्रं दोन बाजूंनी येतात. काही अमेरिकेत राहणाऱ्यांची असतात, ज्यांना शेजाऱ्याने हरणाच्या शिकारीला बोलावलंय आणि दुकानात गेल्यावर काय बघायचं ते कळत नाही. काही महाराष्ट्रातून येतात, जिथे घरच्या कपाटात आजोबांची रायफल आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली आहेत, कारण हा बाजार मी जवळून पाहिला आहे.

1. बंदूक आणि रायफल यात फरक काय? आमच्या कोकणात सगळ्यालाच बंदूक म्हणतात.

फरक नळीच्या आत असतो. कोकणातली ठासणीची बंदूक किंवा छर्‍यांची दुनळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पीळदार खाचा कोरलेल्या असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी स्थिर राहते.

ठासणीच्याही रायफली असत, आणि मी राहतो तिथे त्यांचाच वारसा आहे. अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी मायदेशातली आखूड, जाड नळीची 'येगर' रायफल बदलली. शिसं आणि बंदुकीची दारू महाग, म्हणून नळीचं छिद्र लहान केलं आणि नळी लांबवली. दस्त्याला इथलाच लहरी रेषांचा मेपल वापरला. पेनसिल्व्हेनियात आजही नाताळानंतर चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. थंडीत कान लाल झालेली माणसं दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीची हत्यारं घेऊन रानात जातात.

2. शिकारी रायफलीत 'कारागिरी' नेमकी कुठे दिसते? मला तर सगळ्या सारख्याच वाटतात.

चार ठिकाणी बघा.

पहिली जागा म्हणजे लाकूड आणि पोलाद जिथे भेटतात ती रेघ. चांगल्या कामात तिथे पोस्टकार्डही शिरत नाही. हे साधायला पोलादी भागाला दिव्याची काजळी फासतात, तो लाकडाच्या खोबणीत दाबतात आणि उचलतात. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड अजून वर आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं, आणि पुन्हा काजळी. एका दस्त्यासाठी हे शेकडो वेळा करावं लागतं. मी पहिला दस्ता केला तेव्हा एका ठिकाणी घाईने केसभर जास्त खरवडलं. ती फट आजही दिसते, आणि तो दस्ता मी मुद्दाम जवळ ठेवला आहे.

दुसरी जागा म्हणजे रेषा. दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग, ज्याला इथे मनगट म्हणतात, तिथून लाकडाच्या रेषा सरळ वाहत गेल्या पाहिजेत. कितीही सुंदर नक्षीचं लाकूड असलं तरी मनगटात रेषा आडव्या असतील तर दस्ता तिथेच मोडणार.

तिसरी म्हणजे पकडीची जाळी. तिरप्या रेघा एकमेकींना छेदून बारीक हिरे तयार होतात आणि हात घसरत नाही. हाताने केलेल्या चांगल्या कामात इंचाला 22 ते 24 रेघा असतात. भिंग लावून बघा, प्रत्येक हिऱ्याला टोक असतं आणि कडेबाहेर एकही रेघ गेलेली नसते.

चौथी म्हणजे पोलादाचा रंग. जुनी पद्धत गंजाची आहे. पोलादावर मुद्दाम गंज चढवायचा, भाग उकळत्या पाण्यात टाकायचा, म्हणजे तांबडा गंज काळा होतो, मग मऊ तारेच्या ब्रशने भुकटी झाडायची. हे अनेक वेळा केलं की खोल, मऊसर काळपट निळा रंग चढतो. आता बहुतेक कारखाने गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून काही मिनिटांत काम करतात, किंवा सिरॅमिकचा लेप फवारून भट्टीत भाजतात. लेप गंजाला जास्त दाद देत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

3. दस्त्याला अक्रोडच का? आपला सागवान का चालत नाही?

मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता, कारण आमच्या घरात लाकूड म्हणजे साग. साग पाण्यात टिकतो, पण दस्त्याची गरज वेगळी असते. झटका सोसायचा, वजन कमी ठेवायचं, हवामान बदललं तरी आकार सोडायचा नाही आणि बारीक कोरीवकाम धरून ठेवायचं. सागाचा पोत भरड असतो, जाळीचे हिरे तुटतात. त्यात सिलिकाचे कण असल्याने हत्याराची धार लवकर जाते. अक्रोड वजनाच्या मानाने चिवट असतो आणि पटाशीखाली लोण्यासारखा नाही, पण आज्ञाधारक असतो.

अक्रोडातही जाती आहेत. अमेरिकेतला काळा अक्रोड वेगळा. 'इंग्लिश', 'तुर्की', 'सर्केशियन' अशी नावं लावली जातात तो सगळा एकाच जातीचा, आणि काश्मीरमध्ये ज्यावर कोरीवकाम होतं तो अक्रोडही त्याच जातीचा. उत्तम फळी कापल्यावर अनेक वर्षं सावलीत वाळत ठेवावी लागते. मोठ्या नक्षीदार फळ्या जुन्या झाडांच्या बुंध्यातून येतात, आणि अशी झाडं लवकर वाढत नाहीत. लाकडी दस्ता महाग होण्याचं एक कारण इथेच आहे.

4. दुकानात लोक 'प्री-सिक्स्टीफोर' म्हणून आदराने बोलतात. ते काय आहे?

ते 1964 च्या आधी बनलेल्या विंचेस्टर मॉडेल 70 रायफलीबद्दल बोलत असतात. या धंद्यात आवड आणि कारागिरी यांची टक्कर कुठे झाली हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूळ कल्पना जर्मन आहे. पाउल माउझर यांच्या 1898 च्या लष्करी रायफलीत बोल्टला, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी दांड्याला, एक लांब, रुंद पंजा असे. मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, काडतूस वर आलं की हा पंजा त्याची कड पकडतो आणि नळीत जाईपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, अर्ध्यावर थांबा, काडतूस पडत नाही. विंचेस्टरने 1925 मध्ये मॉडेल 54 काढली आणि 1936 पासून मॉडेल 70. तिच्यात माउझरचा पंजा होता, सुटसुटीत चाप होता, यंत्रावर कोरलेले पोलादी भाग होते आणि हाताने कापलेली जाळी होती. 1963 पर्यंत पावणेसहा लाखांच्या आसपास रायफली न्यू हेवनच्या कारखान्यातून निघाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढत गेली. या रायफलीचे भाग एकेक करून यंत्रावर धरावे लागत, कुशल माणसांनी घासावे लागत. 1964 मध्ये कंपनीने रचनाच बदलली. पंजा गेला. जाळी कापण्याऐवजी तापलेल्या साच्याने लाकडात दाबली जाऊ लागली, त्यामुळे हिरे उठावदार होण्याऐवजी खड्ड्यासारखे दिसत. नळी आणि लाकूड यांच्यात मोठी फट आली. ग्राहकांनी दुकानात ती हातात घेतली आणि परत ठेवली. जुन्या मालाचे भाव चढू लागले. इतके की 'प्री-सिक्स्टीफोर' हा शब्द आज रायफलीपलीकडेही, चांगल्या जुन्या कामाचं दुसरं नाव म्हणून वापरला जातो.

1992 मध्ये कंपनीने पंजाची रचना 'क्लासिक' नावाने परत आणली. न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला. त्यानंतर मॉडेल 70 दक्षिण कॅरोलिनात बनू लागली आणि पुढे तिची जुळणी पोर्तुगालला गेली. आजच्या मॉडेल 70 मध्ये पंजा आहे.

5. म्हणजे 1964 नंतरच्या रायफली खरंच वाईट होत्या?

नेम धरण्यात वाईट नव्हत्या. ज्या फटीला लोक हसले ती फट अचूकतेला उपकारक आहे. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. ते नळीला टेकलेलं असेल तर नळीला ढकलतं आणि गोळी लागण्याची जागा सरकते. नळी मोकळी असली की हा त्रास उरत नाही. आज जवळपास प्रत्येक नवी रायफल मोकळ्या नळीची असते, आणि लोक नोट सरकवून खात्री करून घेतात की नळी लाकडाला कुठे टेकत नाही. ज्या गोष्टीसाठी 1964 मध्ये शिव्या पडल्या तीच आज जाहिरातीत लिहिली जाते.

पंजाचंही तसंच. रेमिंग्टन कंपनीने 1948 मध्ये मॉडेल 721 आणि 722, आणि 1962 मध्ये मॉडेल 700 काढली, त्यांत पंजा कधी नव्हताच. गोल सळईतून कोरलेला सांगाडा, बोल्टच्या तोंडात छोटी पकड, कमी श्रमात बनणारं यंत्र. ती लाखोंनी खपली आणि अमेरिकी लष्करानेही तिच्यावरून नेमबाजांच्या रायफली बनवून घेतल्या. तिच्यावर कुणी रागावलं नाही, कारण तिने कुणाच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. विंचेस्टरचा ग्राहक रागावला, कारण आपलं माप कमी केल्याचं त्याला दाबलेल्या जाळीवर डोळ्यांनी दिसत होतं.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अंगावर धावून येणाऱ्या जनावरासमोर पंजा असावा, हरणासाठी तो असला-नसला सारखा. पण जाळी दाबून काढणं ही चूकच होती. ज्याला पैसे देऊन दर हिवाळ्यात ती हातात धरायची आहे, त्याच्या बोटांना फरक कळतो.

6. काही जुन्या रायफली फार चकचकीत, गालाजवळ उंच आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या का दिसतात?

ती कॅलिफोर्निया शैली. रॉय वेदरबी यांनी 1945 मध्ये लॉस एंजलिसजवळच्या साउथ गेटमध्ये दुकान काढलं. अतिवेगवान काडतुसं, आरशासारखं पॉलिश, पुढच्या टोकाला रोजवुडचा तुकडा, मध्ये पांढऱ्या पट्ट्या आणि गाल टेकवायला उंच उठाव.

उंचवट्यामागे कारण आहे. आधी लोक पुढची माशी आणि मागची खाच जुळवून नेम धरत, तेव्हा डोळा नळीच्या जवळ असे. 1930 च्या दशकापासून दुर्बिणी स्वस्त झाल्या. दुर्बीण वर बसते, म्हणून डोळा वर आणायला गालाखालचं लाकूड उंचावावं लागलं. बोल्टची मूठ आणि सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, हीही दुर्बिणीला आडवी येत होती, तीही खाली घ्यावी लागली. म्हणजे एका काचेमुळे रायफलीचा चेहराच बदलला.

1960 च्या दशकाअखेर आवड उलट फिरली. शिकारीवर लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनर यांना सरळ, साधी, तेल पाजलेली रायफल आवडे. त्यांचे दस्ते वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे अल बीसन बनवत, आणि ती छायाचित्रं पाहून एका पिढीची नजर तयार झाली. 1968 मध्ये रूगर कंपनीने मॉडेल 77 काढली, तिचा दस्ता लेनर्ड ब्राउनेल या कारागिराने आखला होता. एका हातकारागिराची रेषा अशी कारखान्यातून घरोघर पोचली. मला वाटतं, या धंद्यातला तो सगळ्यात चांगला क्षण होता.

7. प्लॅस्टिकचे दस्ते कधी आणि कसे आले?

ते स्वस्ताईसाठी नव्हे, अचूकतेसाठी आले. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात चेट ब्राउन यांनी फायबरग्लासचे दस्ते सुरू केले ते टेबलावरून नेमबाजीच्या स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी, कारण फायबरग्लास हवेने फुगत नाही. 1980 च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाचे मेल्विन फोर्ब्स यांनी केव्हलार आणि ग्राफाइटचा जेमतेम पौंडभर वजनाचा दस्ता बनवला आणि डोंगर चढणाऱ्यांना पाच पौंडांच्या आसपासची रायफल मिळाली. हे दस्ते थरावर थर चढवून हाताने बनतात. तीही कारागिरीच आहे, फक्त साहित्य वेगळं.

साच्यात ओतलेला पोकळ दस्ता हा नंतरचा आणि वेगळा प्रकार. तो स्वस्त, वाजवला तर बादलीसारखा वाजतो. दुकानात दोन्हींना 'सिंथेटिक' म्हणतात, म्हणून विचारून घ्या.

8. आज स्वस्तातली रायफलही महागड्यासारखा नेम कसा धरते?

कारण अचूकता ज्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून असते त्या आता यंत्राला जमतात. नळीतला पीळ आधी एकेक खाच खरवडून काढत. मग कठीण धातूचं बटण नळीतून ओढून पीळ दाबायची पद्धत आली. मग थंड पोलादावर हातोड्यांचा मारा करून, आतल्या साच्यावर नळी आणि पीळ एकदमच घडवणारी यंत्रं आली. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांमुळे प्रत्येक भाग सारख्याच मापाचा निघतो.

सॅव्हेज कंपनीने 1958 च्या मॉडेल 110 मध्ये एक साधी युक्ती केली. नळी मागे घट्ट बसवताना काडतुसासाठीची जागा अगदी बरोबर यावी लागते, आणि ते कुशल माणसाचं काम होतं. त्यांनी नळीवर एक नट दिला. माप लावा, नट आवळा, काम झालं. फिनलंडची टिका टी3 2003 पासून आणि रूगर अमेरिकन 2012 च्या सुमारास आली, आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभर जागेत पाडणं ही साध्या रायफलीकडूनही अपेक्षा होऊ लागली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या तरुणपणी असा लक्ष्याचा कागद पाकिटात जपून ठेवत असत.

ग्राहकाची कसोटी इथे बदलली. आधी तो लाकूड न्याहाळायचा, बोल्ट मागेपुढे करून कानाशी धरायचा. आता तो कागदावरची भोकं मोजतो.

9. मग महाग रायफल घ्यायचीच कशाला?

नुसता नेम हवा असेल तर घेऊ नका. हे मी लाकडाचं काम करणारा माणूस म्हणून सांगतोय. उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीवर आणि सरावाच्या काडतुसांवर खर्च करा.

पण पैसे कुठे वाचवले आहेत ते ओळखा. मॅगझिनच्या प्लॅस्टिकच्या खाचा तुटतात. बोल्ट खरखरतो. दस्त्याचा पुढचा भाग इतका लवचिक असतो की टेकू दिला की नळीला टेकतो, आणि मग प्रश्न 5 मधला फटीचा फायदा गेलाच. मुख्य म्हणजे, हिला दुरुस्त करण्यासारखं फार काही नसतं. जुन्या रायफलीचा प्रत्येक भाग सोडवून, कानस लावून, पुन्हा बसवता येतो. नातवाला द्यायची वस्तू आणि पुढच्या दहा हंगामांची वस्तू यात मी हा फरक करतो.

10. लिव्हरची, म्हणजे चापाजवळची कडी खाली-वर करून काडतूस भरायची काउबॉयवाली रायफल मागे का पडली? आणि जुन्या मार्लिनवर 'जेएम' शिक्का का शोधतात?

विंचेस्टर मॉडेल 94 ही जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची, सत्तर लाखांहून जास्त बनली. पूर्वेकडच्या दाट रानात साठ-सत्तर यार्डांवर हरण दिसतं, तिथे हलकी, चपटी, खोगिराला किंवा खांद्याला अडकणारी ही रायफल पुरेशी होती. दुर्बिणींच्या आणि लांब पल्ल्याच्या काळात ती मागे पडली.

मार्लिनची गोष्ट कारागिरीच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. 2007 अखेरीस रेमिंग्टनने ती कंपनी घेतली आणि पुढे कनेक्टिकटचा जुना कारखाना बंद करून काम न्यूयॉर्क राज्यात हलवलं. यंत्रं ट्रकमध्ये गेली, पण त्या झिजलेल्या यंत्रांना कुठे थोडं जास्त दाबायचं, कुठे कानस फिरवायची हे ज्यांना माहीत होतं ती माणसं मागे राहिली. सुरुवातीच्या नव्या रायफलींत लाकूड-पोलादात फटी होत्या, माशी वाकडी बसलेली असे. म्हणून लोक नळीवर जॉन मार्लिन यांच्या आद्याक्षरांचा 'जेएम' शिक्का बघून जुना माल घेऊ लागले. 2020 मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत निघाल्यावर रूगरने मार्लिन विकत घेतली, आणि 2021 अखेरीपासून उत्तर कॅरोलिनात नव्या यंत्रांवर बनलेल्या रायफली बाहेर पडल्या. मी हातात घेऊन पाहिल्या आहेत, काम चांगलं आहे. म्हणजे नवं यंत्र हा गुन्हेगार नव्हता. अनुभव लिहून न ठेवता माणसं जाऊ देणं हा गुन्हा होता.

11. सगळे 6.5 क्रीडमूर हे काडतूस सांगतात. माझ्याकडे मित्राची जुनी .270 मापाची रायफल येतेय. घेऊ का?

हरणासाठी खुशाल घ्या. .270 विंचेस्टर 1925 पासून तेच काम करतेय. 6.5 क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने 2007-08 मध्ये स्पर्धांसाठी आणली. तिची गोळी लांबट असते, वारा कमी खाते, आणि त्यासाठी नळीतला पीळ जास्त वेगाने फिरलेला असतो, साधारण 8 इंचांत एक फेरा. जुन्या .270 मध्ये तो 10 इंचांत एक असतो, म्हणून खूप लांब गोळ्या तिच्यात नीट स्थिर होत नाहीत. चारशे यार्डांपलीकडे मारायचं असेल तरच याचा विचार करा. पण नवशिक्याने तेवढ्या लांबून जनावरावर मारूच नये, असं माझं ठाम मत आहे.

12. इंग्रजी रायफली इतक्या महाग का? आपल्या संस्थानिकांकडे होत्या त्याच ना?

हो. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज बंदूक कारखानदारांच्या नोंदवह्यांत हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या मागण्या भरपूर आहेत. दुनळी रायफलीत खरी किंमत नळ्या जुळवण्याची असते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर डाख सोडवतो, पाचर हलवतो, पुन्हा मारून बघतो. हे यंत्राने अजून पूर्णपणे जमत नाही.

हिंदुस्थानने या व्यवसायाला एक वेगळंच वळण दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने .450 बोअरच्या (नळीच्या छिद्राच्या मापाच्या) काडतुसांवर तिथे बंदी घातली, कारण ती काडतुसं सरकारविरुद्ध लढणाऱ्यांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या कामी येतील अशी भीती होती. मग इंग्रज कारखानदारांनी .465, .470, .475 अशी नवी मापं काढली. आज आफ्रिकेत .470 घेऊन जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हे माप हिंदुस्थानातल्या धास्तीतून जन्मलं?

जिम कॉर्बेट यांची .275 रिग्बी दुनळी नव्हती. ती माउझर बोल्टची साधी रायफल, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 मध्ये त्यांना भेट मिळालेली. आज ती पुन्हा रिग्बीकडे आहे. महाराष्ट्रात जुन्या शिकारीचा काळ बघायचा असेल तर कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं संग्रहालय बघा.

13. तुम्ही मारण्याच्या हत्याराबद्दल इतक्या प्रेमाने लिहिता, याचं काही वाटत नाही का?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मी तो टाळत नाही. वाटतं. माझ्या आईला हे काम अजून आवडत नाही. मी इथे हरणाचं मांस खातो, आणि ते कसं येतं हे मला स्वतःला माहीत असावं असं मला वाटतं. दुसरी बाजू हिशोबाची आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे इथे प्रत्येक नव्या रायफलीवर आणि काडतुसावर कारखानदाराला 11 टक्के कर पडतो आणि तो वन्यजीव रक्षणाकडे जातो.

भारतातली परिस्थिती वेगळी आहे. तिथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला, आणि तो संपला ते बरंच झालं. या पानावरचं काहीही तिथे शिकारीला प्रोत्साहन म्हणून वाचू नये.

14. मी एच-1बी व्हिसावर आहे. अमेरिकेत रायफल घेऊ शकतो का?

सर्वसाधारण नियम 'नाही' असा आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई आहे. पण अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे वैध शिकार परवाना. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना जवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे बरेच जण विसरतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. चुकलं तर व्हिसावरच येईल, म्हणून खरेदीआधी वकिलाला विचारा.

पेनसिल्व्हेनियात असाल तर आणखी एक: इथे हरणासाठी आपोआप भरणारी रायफल चालत नाही. म्हणूनच इथे बोल्ट, लिव्हर आणि पुढचा दस्ता मागे ओढायच्या 'पंप' रायफली जास्त दिसतात.

15. जुन्या लष्करी माउझरचा दस्ता कापून शिकारीची केलेली रायफल मिळतेय. किंमत जास्त असायला हवी ना?

बहुतेक वेळा उलट. महायुद्धानंतर लष्करी रायफली कवडीमोल भावाने मिळत. लोक घरी आणून त्या कापत, मिसुरीतल्या वॉर्सा गावच्या फायेन किंवा बिशप कंपनीचा अर्धवट घडवलेला दस्ता मागवत आणि बसवत. 1968 च्या कायद्याने टपालाने बंदुका मिळणं बंद झालं. आता संग्राहकांना न कापलेली लष्करी रायफल हवी असते.

अपवाद म्हणजे ग्रिफिन अँड होव सारख्यांचं काम. न्यूयॉर्कमधल्या या दुकानाची सुरुवात 1923 मध्ये झाली, आणि सीमोर ग्रिफिन मूळचे फर्निचर बनवणारे होते. कुणी केलं ते कळत नसेल तर प्रश्न 2 मधल्या चार जागा बघा. काम स्वतः बोलतं.

16. आजोबांची .315 आमच्याकडे आहे. ठेवता येईल का? तिला काही किंमत आहे?

.315 ही भारताची खास गोष्ट. लष्करी बोअर सामान्य माणसाला देत नसत, म्हणून .303 ऐवजी हे जुन्या ऑस्ट्रियन काडतुसाचं माप चाललं, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धर्तीवर ती रायफल बनवली. कारागिरी साधी, अंग दणकट.

कायद्याचं मात्र अंदाजाने करू नका. परवानाधारक वारले असतील तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करायचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाची शस्त्रंही त्यातच मोजली जातात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांनाही वारसाची प्रक्रिया चुकत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगीही नव्हे. ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

17. जुना दस्ता काळा पडलाय. घासून नवा करू का?

थांबा. पॉलिश पेपर लावला की तीन गोष्टी जातात: जाळीचे हिरे, कडांची धार आणि लाकूड-पोलादाची ती बारीक रेघ, कारण लाकूड पोलादाच्या खाली जातं. आधी मऊ फडक्याने मळ काढा. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घ्या आणि हात गरम होईपर्यंत चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाची फडकी पसरून वाळवा. बोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेतात. हातांच्या घामाने मनगटाजवळ आलेला काळसर रंग मी कधी काढत नाही.

18. दस्त्याला मागे तडा गेलाय. तुमच्याकडे पाठवला तर दुरुस्त कराल का?

भारतातून काहीही पाठवू नका, सुटा दस्तासुद्धा नाही. दुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर जवळच्या जिल्ह्यात शोधा आणि शस्त्र परवान्यासह स्वतः न्या.

त्याला दाखवायची जागा सांगतो. तडा बहुधा बोल्टच्या मागे, जिथे पोलादाची पट्टी लाकडात शिरते तिथे सुरू होतो. प्रत्येक बाराला पोलाद मागे सरकतं आणि पाचरीसारखं लाकूड फोडतं. नुसता गोंद भरला तर पुढच्या बाराला तडा पुन्हा उघडेल. आधी त्या पट्टीच्या मागे जाड कागदाएवढं लाकूड काढून जागा मोकळी करायला सांगा, पुढचा पोलादी टेकू लाकडाला नीट टेकतो का ते काजळी लावून बघायला सांगा, आणि मगच तड्यात गोंद भरून रात्रभर दोरीने आवळून ठेवायला सांगा.